बनातीवरची पट्टी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे टेबलाला इस्त्री. टेबल बिलियर्डचं. त्याच्यावर हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, ताणलेली असते, आणि त्या बनातीला इस्त्री करावी लागते हे तेव्हा पांढुर्ण्यात दोघांनाच माहीत होतं. मला आणि माझ्या बायकोला.

होळी होऊन आठ दिवस झाले होते. सकाळचे आठ वाजले असतील. शेठच्या कापसाच्या जिनिंगमागच्या हॉलमध्ये आम्ही दोघंच. तिनं बाहेर ओट्यावर कोळसे पेटवले, इस्त्रीत भरले, राख फुंकली. आधी जुन्या पेपरावर टेकवून पाहायची. पेपर पिवळा पडला तर थांबायचं. नाही पडला की इस्त्री माझ्या हातात द्यायची. मी टेबलाच्या खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत न्यायचो, सरळ, बनातीची बारीक लव ज्या दिशेनं निजते त्या दिशेनं. वर पोचलो की उचलायची आणि पुन्हा खालून. मागं ओढायची नाही. मागं ओढली की लव उभी राहते, आणि हळू येणारा बॉल तिथं तिरपा होतो.

"अवो, इतकी माया माह्या लुगड्यावर केली असती तं," ती म्हणाली, "मी रोज कडक इस्त्रीचं लुगडं नेसून फिरली असती."

"तोंड बंद ठेव. इस्त्री दे."

"देऊन तं राह्यली. हात कापून राह्यला तुमचा."

"नाही कापून राह्यला."

"बरं, नाही कापून राह्यला. टेबलच हलून राह्यलं."

मी हसलो नाही. हसायला पाहिजे होतं. लोकांना मी जे सांगत आलो ते वेगळं आहे. इथं जसं झालं तसं लिहून राहिलो.

मी चौथी शिकलो. बाप सौंसरकडच्या मँगनीजच्या खाणीत होता. अकरा वर्षांचा असताना मला तिथल्या साहेब लोकांच्या क्लबात बॉल उचलायला लावलं. पुढं मार्कर झालो. मार्कर म्हणजे टेबल सांभाळायचं, गुण मांडायचे, आणि साहेबाला जोडीदार नसला की त्याच्याशी खेळायचं. पगार खेळण्याचा. म्हणून नागपूरच्या स्पर्धेत आम्हाला घेत नव्हते, 'हे पैशासाठी खेळणारे' असं म्हणायचे. चांगलं खेळायचं, पण जिंकायचं नाही. एकदा विसरून जिंकलो तर एका साहेबानं लाल बॉल उचलून माझ्या तोंडावर मारला. वरचे दोन दात गेले. दुसऱ्या दिवशी त्यानंच मला शर्टाचं कापड दिलं आणि मी घेतलं.

लग्न झालं, ती आली. तिच्या माहेरी इस्त्रीचं काम होतं. क्लबातले पडदे, चादरी ती करायला लागली. पहिल्यांदा तिनं मला बनातीवर इस्त्री फिरवताना पाह्यलं तेव्हा म्हणाली, "कपडा मेजावर ठेवून इस्त्री करतात हे माहीत होतं. मेजालेच कपडे घालून इस्त्री करतात हे नाही माहीत." पण महिन्याभरात लव कुठं उभी आणि कुठं निजलेली, हे ती तळहात फिरवून सांगायची. तो हात मला कधी जमला नाही.

परासियाकडच्या कोळसा खाणीतही असाच क्लब होता आणि तिथंही एक मार्कर होता. माझ्याच गावचा, लोधीखेड्याचा माणूस, माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा. मी त्याला कोळशेवाला म्हणायचो, तो मला मँगनीजवाला. थंडीत दोन क्लबांचा सामना व्हायचा. आधी साहेब खेळायचे. त्यांचं पिऊन झालं की आम्हाला टेबलावर सोडायचे आणि शर्ती लावायचे. बैलांच्या झुंजीला लावतात तशा.

शेवटच्या सामन्यात मी पुढं होतो. तो वाकून मारायला लागला की मी मागून हळूच त्याच्या बायकोबद्दल बोलायचो. काय बोललो ते लिहीत नाही. तिसऱ्यांदा बोललो तेव्हा त्यानं क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, उलटी धरली. क्यूच्या जाड टोकात शिसं भरलेलं असतं, तोल राहावा म्हणून. ते टोक त्यानं टेबलावर टेकलेल्या माझ्या डाव्या हातावर हाणलं. दोन बोटं मोडली. मी त्याच्या अंगावर पडलो आणि त्याच्या कानाचा लचका तोडला. साहेब लोक खुर्च्यांवर उभे राहून ओरडत होते. कोणी सोडवलं नाही. आम्ही दमलो तेव्हा आपोआप सुटलो.

त्यानंतर वर्षभरात खाणीचं काम कमी झालं, साहेब गेले, क्लबाला कुलूप लागलं. कोळशेवाल्याचाही क्लब बंद झाला असं ऐकलं. मी पांढुर्ण्याला आलो, जिनिंगमध्ये कापूस ओढायला लागलो. वीस वर्षं क्यूला हात लावला नाही. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी जुळली ती तशीच राहिली. थंडीत दुखली की मी त्या माणसाला शिव्या द्यायचो, रोज, जेवायच्या आधी. घर तिनं चालवलं. आमच्या ओसरीवर लाकडी मेज टाकून ती मास्तरांचे, बाबू लोकांचे, मंडीतल्या दलालांचे कपडे इस्त्री करायची. पोरीचं लग्न तिच्या इस्त्रीवर झालं. माझा पगार माझ्या दारूत जायचा. हात उचलायचो तिच्यावर. हेही लिहून टाकतो.

मग शेठनं खाणीच्या क्लबातलं ते जुनं टेबल विकत घेतलं. त्याच्या आत पाटीचे मोठे दगड असतात. ते बैलगाड्यांवर घालून आणले. जिनिंगमागं हॉल बांधला, पंखे लावले. तहसीलचे अधिकारी, कापसाचे व्यापारी, संत्र्याचे बागवाले संध्याकाळी येऊन बसतील अशी त्याची हौस. मला बोलावलं आणि हातात क्यू दिली.

क्यू हातात आली आणि मी ती दोन्ही हातांनी धरली, सोडवेना. खोटं नाही सांगत, बायकोला पहिल्यांदा हात लावला तेव्हाही तसं झालं नव्हतं.

"मार्कर पाह्यजे मले," शेठ म्हणाला. "पगार, हॉलच्या बाजूची खोली, वर्षाले दोन जोड कपडे. पण तू एकटा नाहीस. तो परासियाचा म्हातारा आहे ना, त्यालेही निरोप धाडला."

"त्याले कायले, शेठजी?"

"दोघं खेळा. गाव पाहीन. जो जिंकन तो राहीन. हरन तो बसस्टँडवर." तो हसला. "म्हातारे कोंबडे आहेत, पण लढतात का ते तं पाहू."

महिनाभराचा वेळ होता. मी त्या महिन्यात माणसात नव्हतो. बावन्न वर्षांचं अंग. वाकलो की कंबर धरायची. डाव्या डोळ्याला लांबचा बॉल दोन दिसायचा. बोटं पसरायची नाहीत, मग मी ती सुतळीनं लाकडाच्या चिपेला बांधून ठेवायचो आणि तशीच घेऊन झोपायचो. वीस वर्षांपूर्वी डोळे मिटून मारायचो तो फटका आता दहातून चारदा लागायचा. हात लक्षात ठेवतात असं लोक म्हणतात. नाही ठेवत. हात विसरतात आणि फक्त माज लक्षात ठेवतात.

एक दिवस दुपारी जिनिंगमध्ये मुकादमानं आवाज दिला, "काऊन बे चॅम्पियन, बोरा कोण उचलन? तुह्या बाप?" मी त्याची मान धरली आणि त्याचं तोंड कापसाच्या ढिगात दाबून धरलं. त्याचे पाय झटके देत होते. चौघांनी मिळून मला ओढलं. नाकातोंडात कापूस गेलेला तो माणूस निळा पडला होता. मला त्याच दिवशी कामावरून काढलं. आता ते टेबल सोडून माझ्याकडं काही उरलं नाही.

घरी येऊन तिला सांगितलं. ती कोणाची तरी पँट इस्त्री करत होती.

"म्हणजे आता हरले तं?"

"हरणार नाही."

"हरले तं, म्हणून विचारून राह्यली. जिंकले तं मले विचारायचं काय कारण?"

मी तिच्या कानाखाली मारली. तिनं इस्त्री खाली ठेवली नाही. पँटवरून उचलली आणि माझ्या तोंडासमोर धरली. इतक्या जवळ की माझ्या मिशीचे केस वळायला लागले.

"आता दुसऱ्यांदा हात उचला," ती म्हणाली. "हे तुमच्या गालावर ठेवीन अन् वर पाणी मारून दाबीन."

मी उचलला नाही. ती तसं करेल याची मला खात्री होती. तिनं पुन्हा पँट सरळ केली. जरा वेळानं म्हणाली, "सामन्याच्या दिवशी बनातीले इस्त्री लागन ना? मी येईन. तुमच्या एकट्यानं होत नाही आता ते."

ती पट्टी मला सरावात सापडली. टेबलाच्या डाव्या कडेला, वरच्या कोपऱ्यातल्या खिशाकडं, म्हणजे बॉल पडायच्या भोकाकडं जाताना, चार बोटं रुंद अशी एक जागा होती. शेठच्या नोकरानं तिथं उलटा ब्रश मारला होता आणि लव उभी राहिली होती. तिथून हळू बॉल गेला की दोन बोटं डावीकडं झुकायचा. जोरात गेला तर काही नाही. मी आठ दिवस तेवढ्याच जागेचा सराव केला. हळू मारायचं, दोन बोटं उजवीकडं धरून. बॉल झुकून बरोबर खिशात. ज्याला माहीत नाही त्याचा चुकणार. मी ठरवलं, इस्त्री करताना ती पट्टी सोडायची. सगळं टेबल काचेसारखं करायचं आणि चार बोटं तशीच ठेवायची. कोळशेवाला मुक्कामाला सामन्याच्या दिवशी दुपारी येणार होता. त्याला टेबलाचा सराव नव्हता.

तर त्या सकाळी इस्त्री झाली. मी कंबर धरून उभा राहिलो. तिनं टेबलावरून तळहात फिरवला, सवयीनं.

"इथं पट्टी राह्यली."

"राहू दे."

"राहू दे कशी? इथून इथपर्यंत, हे पाहा, काटा लागते हाताले."

"राहू दे म्हटलं ना! कोळसे विझले आता. चल."

"डोळ्याले दिसलं नसन तुमच्या," ती म्हणाली. अगदी साधं म्हणाली, टोमणा नव्हता. लबाडी करून राहिलो हे तिला सांगायची मला लाज वाटली. डोळा अधू आहे असं तिला वाटलेलं बरं, असं वाटलं. मी आंघोळीला घरी गेलो. ती म्हणाली, राख आवरून येते.

दुपारी तीनच्या आत हॉल भरला. खिडक्यांना लोक लटकले होते. जिनिंगचे मजूर आले होते, तो मुकादमही होता. कोळशेवाला आला तेव्हा मी त्याला ओळखलं नाही. वाळून गेला होता. गुडघ्याला पट्टा, डोक्यावर टोपी. टोपी काढली तेव्हा कान दिसला, वरचा तुकडा नसलेला. तेव्हा ओळखलं.

"मँगनीजवाल्या," तो म्हणाला, "जिवंत आहेस?"

"तुले पोचवूनच जाईन."

"बोटं दाखव." मी हात खिशात घातला. "दाखव ना बे. माह्यंच काम आहे, कसं झालं ते पाहू दे."

लोक हसले. माझी बायको दाराजवळ बायकांत उभी होती. तिनं त्याला पाणी नेऊन दिलं, कारण लांबून आला होता. तो उभ्यानं तांब्या प्यायला आणि मग टेबलाभोवती फिरला. मार्कर करतो तसंच त्यानं केलं, टेबलावर तळहात ठेवून सगळीकडून फिरवला. डाव्या कडेला आला, तिथंही फिरवला. मी पाहत होतो. त्याचा हात थांबला नाही.

"इस्त्री कोणाची?" त्यानं विचारलं.

"आमची," ती म्हणाली.

"वैनी, अशी बनात मी वीस वर्षांत पाह्यली नाही. हात फिसलून राह्यला."

ती खुशीत हसली, पदर तोंडाशी धरून. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हात मेला आहे, त्याला पट्टी लागली नाही. इतका मी मूर्ख.

खेळ सोपा आहे. दोन पांढरे बॉल, एक लाल. आपल्या पांढऱ्यानं बाकीच्या दोघांना लागोपाठ ठोकलं की दोन गुण. लाल खिशात घातला की तीन, आणि लाल पुन्हा टेबलावर मांडायचा. दीडशे आधी करील तो जिंकला. शेठचा मुनीम पाटीवर गुण मांडत होता.

पहिला तास आम्ही दोघंही भिकाऱ्यासारखं खेळलो. त्याचा गुडघा वाकत नव्हता, माझी बोटं पसरत नव्हती. लोक शिट्ट्या मारायला लागले. "यापेक्षा गोट्या खेळा बे!" मग त्याचा हात लागला. एकदम अठरा केले. माझ्या अंगात आग शिरली. मी बावीस केले. हॉल शांत झाला. मग नुसता खटखट आवाज. तो माझ्याजवळून जाताना खांदा मारून जायचा. मी त्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर क्यूचं टोक आपटलं, चुकून लागल्यासारखं. त्याचे डोळे पाण्यानं भरले पण तोंडातून आवाज काढला नाही. पुढच्या फेरीला त्यानं क्यूला खडू लावायच्या निमित्तानं जवळ येऊन माझ्या वाकड्या बोटांवर पाय दिला. मी खाली पडलेला खडू उचलत होतो. जुनी मोडलेली जागा कडकन वाजली. हे लोकांना दिसलं नाही. शेठला दिसलं. तो मांडीवर थाप मारून हसला.

पाच वाजून गेले. मुनीम ओरडला, "एकशे सत्तेचाळीस!" हे माझे. त्याचे एकशे बेचाळीस. मला तीन हवे होते, त्याला आठ. खेळी माझी. आणि लाल बॉल उभा होता डाव्या कडेला, वरच्या खिशापासून दोन वीत, बरोबर माझ्या पट्टीच्या तोंडाशी.

देव दिसला मला. खोली, पगार, टेबल, आणि हा माणूस बसस्टँडवर. मी वाकलो. बोटातून कळ डोक्यात गेली. आठ दिवस घोटलेला फटका होता. लालला हळू लागलं पाहिजे, दोन बोटं उजवीकडं धरून. मी मारला. इतका स्वच्छ फटका मी तरुणपणीही मारला नव्हता.

लाल निघाला आणि सरळ गेला. झुकला नाही. खिशाच्या उजव्या ओठाला लागला आणि तोंडाशीच थांबला.

कोळशेवाल्यानं तो लाल आत घातला. मग दोन्ही बॉल ठोकले. मग मांडलेला लाल पुन्हा आत. तीन, दोन, तीन. मुनीमानं पाटीवर रेघ मारली आणि हॉलमध्ये एकच गलका झाला.

मी टेबलाजवळ गेलो. डाव्या कडेवर तळहात ठेवला. गुळगुळीत. लोण्यासारखं.

"पट्टीले इस्त्री कोणी केली?" मी ओरडलो. "पट्टी कोणी केली?"

ती दाराजवळून पुढं आली.

"मी केली," ती म्हणाली. "कोळसे पुन्हा फुलवले अन् केली. तुमच्यानं राह्यली होती ना."

कोळशेवाल्यानं आधी माझ्याकडं पाह्यलं, मग टेबलाकडं. तोही जुना मार्कर होता. त्याला समजायला दोन श्वासही लागले नाहीत.

"पट्टी ठेवली होती होय रे, मँगनीजवाल्या?" आणि तो हसायला लागला. पोट धरून. "अन् बायकोनं इस्त्री करून टाकली!"

मग शेठ हसला, मग सगळे. मुकादम तर खाली बसून हसला. मी क्यू उलटी धरली. मला त्याचं डोकं फोडायचं होतं, वीस वर्षांचं सगळं एका फटक्यात. तिनं मागून माझा खांदा धरला. "अवो, सोडा. अवो, घरी चला."

मी मागं पाह्यलं नव्हतं, ती मागं आहे हे मला माहीत नव्हतं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. मला माहीत होतं. तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तिचा आवाज माझ्या कानात होता. मी ते शिशाचं टोक मागं हाणलं ते तिलाच हाणलं. मारून टाकायला नाही, पण लागावं म्हणून. त्या घटकेला मला कोळशेवाल्यापेक्षा तिचा राग जास्त आला होता.

ते कानाच्या वर लागलं. नारळ आपटल्यासारखा आवाज झाला. ती बसली, मग आडवी झाली. मी तिच्याकडं न पाहता कोळशेवाल्यावर धावलो. त्याच्या तोंडावर एक बसला, त्याचा ओठ फाटला. मग जिनिंगच्या लोकांनी मला पाडलं. मुकादमानं माझ्या बरगड्यांत लाथा घातल्या, मोजून, दम घेऊन घेऊन. माझ्या तोंडात रक्त आणि धूळ. कोणीतरी म्हणालं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दगडांची गोटमार आज इथंच झाली.

"सोडा त्याईले." तिचा आवाज. ती उठून बसली होती, पदराचा बोळा डोक्याला दाबून. फरशीवर, ती पडली होती तिथं, रक्ताचं थारोळं होतं. "मी नेईन घरी. सोडा."

आम्ही दोघं चालत घरी आलो. ती माझ्या मागं दोन पावलं. उजेड होता अजून. घरी आल्यावर ती मोरीजवळ बसून ओकली. मी म्हणालो, "नाटकं नोको करू."

तिनं तोंड धुतलं. "डोकं फुटून राह्यलं," म्हणाली. "जरा पडू द्या मले." सतरंजी टाकून ती भिंतीकडं तोंड करून निजली. दिवेलागण होत होती. मला वाटलं आता झोपली. तेवढ्यात ती म्हणाली, "तो म्हातारा हात फिरवून पाहणारच होता. पट्टी राह्यली असती तं म्हणाला असता, याले आता इस्त्रीही येत नाही. लोक हसले असते तुमच्यावर."

मी बाहेर खाटेवर जाऊन पडलो. बरगड्या ठणकत होत्या. माझंच दुखणं मला मोठं वाटत होतं. ती एकदा कण्हली ते मला ऐकू आलं आणि मी कूस बदलली.

सकाळी मी उठलो ते उजाडल्यावर. घरातून कसलाच आवाज नव्हता. ती निजली होती तशीच होती. हात लावला तर गार. कानातून काळी रेघ निघून सतरंजीवर गेली होती. मी तिला सरळ केलं. पदर डोक्याखाली गुंडाळला. मग शेजारच्या बाईला हाक मारली, ती आली आणि तिच्या ओरडण्यानं गल्ली जमा झाली.

शेठ अर्ध्या तासात आला. सोबत मुनीम, आणि मागं लंगडत कोळशेवाला. रात्री त्याला हॉलमध्येच निजवलं होतं. शेठनं मला ओसरीच्या टोकाला नेलं. मुनीमाच्या हातात कागद होता, हिंदीत लिहिलेला. नऊ वाजता पोलीस ठाण्याचा माणूस येणार होता.

"हॉलची पायरी उतरताना पाय घसरला," शेठ हळू म्हणाला. "पायरीवर डोकं आपटलं. सगळ्यांनी पाह्यलं. तू सही कर, अन् हा म्हातारा साक्षीदार म्हणून करीन. माह्या हॉलवर पोलीस नोको मले. सही केली की टेबल तुह्यं. खोली, पगार, सगळं. सामना काय, मीच लावला होता, मीच मोडला."

कोळशेवाल्याच्या पुढं मुनीमानं कागद धरला. त्याचा ओठ सुजून लोंबत होता. त्यानं कागद वाचला, मग घरात पाह्यलं, जिथं बायका तिच्याभोवती बसल्या होत्या.

"मी जे पाह्यलं ते लिहा," तो म्हणाला. "मग करतो सही."

"तुले काही नोको का?" शेठ म्हणाला. "जिंकला तं तूच आहे."

"तिनं इस्त्री केली म्हणून जिंकलो." त्यानं टोपी घातली. माझ्याकडं पाह्यलं. मला वाटलं थुंकेल. थुंकला नाही. दारातून आत गेला, तिच्या पायांना हात लावला, आणि लंगडत बसस्टँडकडं निघून गेला.

मुनीमानं कागद माझ्यापुढं धरला. मी चौथी शिकलो आहे. मी तो पूर्ण वाचला, एकेक अक्षर लावून. तिचं वय त्यांनी चुकीचं लिहिलं होतं. मी ते दुरुस्त करायला सांगितलं. मग सही केली.

शेठनं खिशातून हॉलची चावी काढून दिली. "ठाण्याचा माणूस यायच्या आत," तो म्हणाला, "आतली फरशी पाहून घे. पायरीवर पडली अन् रक्त आत, असं कसं चालन?"

मी गेलो. कुलूप उघडलं. रक्त वाळून तपकिरी झालं होतं, त्यात एका चपलेचा ठसा होता. नळाच्या गार पाण्याची बादली भरली. गरम पाण्यानं रक्ताचा डाग पक्का होतो, ते गारच पाण्यानं काढायचं, हे तिचं रोजचं काम असल्यामुळं मला माहीत होतं. पोतं भिजवून गुडघ्यावर बसलो आणि घासलं. तीन बादल्या लागल्या. घरी बायका तिला आंघोळ घालत होत्या, तेवढ्या वेळात माझं झालं. खिडक्या उघडून पंखे लावले. पोलीस आला तोवर फरशी वाळली होती.